तिवरांचं पाणी कोणी अडवलं?

"हेही गेलं! आणि हे पण!" मृणालीने वाळकी फांदी कडकन मोडून भिरकावली.

१९९६ सालची मे महिन्याची सुट्टी होती. पेणजवळ धरमतर खाडीच्या काठी आत्याला मदत करायला ती, धाकटा भाऊ हरेश आणि रोह्याजवळच्या वरशाहून आलेला चुलतभाऊ विशाल असे तिघे उतरले होते. समोर आत्याची तिवरं, खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारी खारफुटीची झाडं, पिवळी पडून उभी होती.

आत्या म्हणजे डॉ. शांती म्हात्रे. मिठागरात राबणाऱ्या बापाची ही लेक वनस्पतिशास्त्र शिकली, मुंबईच्या कॉलेजात शिकवू लागली आणि दर सुट्टीत या चिखलात परतत राहिली. रोप कुठे रुजतं, मुळं गाळ कशी धरतात, लाटांचा जोर कसा मोडतात, हे तिने वर्षानुवर्षं याच झाडांवर तपासलं. तिचं संशोधन वाचून दूरदूरच्या किनाऱ्यांवर लोक पुन्हा तिवरं लावू लागले होते. गावात मात्र तिला 'चिखलातली बाई' म्हणून हसायचे! ते ऐकलं की मृणालीचं डोकं सणकायचं.

"एखाद्या कंपनीचं पाणी शिरलं असेल का, आत्या?" विशालने विचारलं. त्याचे बाबा धाटावच्या रासायनिक कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला होते.

"मग पलीकडची तिवरं कशी वाचली? बघ, हिरवीगार हायत." आत्याने खाली वाकून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं चाचपली. "काळुरामशेठ तर सगळ्यांना सांगत सुटलाय की झाडांना रोग लागला. त्याला इथं कोळशाचं आवार करायचंय. उद्या पेणहून सरकारी साहेब जागा बघायला येतायत."

मृणालीचं लक्ष पायाखाली गेलं. चिखलाला भेगा पडल्या होत्या!

"आत्या, उधाणाचे दिवस हायत ना? मग चिखल सुकला कसा?"

आत्या ताडकन उभी राहिली. पाणी आत आणणाऱ्या फाट्याच्या कडेने चौघंही धावत सुटली. फाट्याच्या तोंडाशी वाळक्या फांद्यांचा ढीग होता. हरेशने फांद्या उपसल्या. खाली मातीने भरलेली पोती, एकावर एक रचलेली!

"बांध घातलाय! भरती अडवून झाडं मारली!" मृणालीने पोत्याला लाथ मारली. "मी आत्ताच फोडते!"

विशालने तिचा हात धरला. "थांब गो! आत्ता फोडलास तर शेठ म्हणेल, बांध नव्हताच. उद्या त्यालाच बोलू दे."

आत्याने क्षणभर पोत्यांकडे पाहिलं. "विशाल म्हणतो तेच खरं," ती दात आवळून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांभोवती अख्खा गाव जमला. काळुरामशेठ मेलेल्या झाडांकडे हात करून म्हणाला, "बघा साहेब! बाई इतकी वर्षं अभ्यास करते, पण रोग काय तिला आवरला नाय."

विशाल भोळा चेहरा करून पुढे झाला.

"शेठ, झाडांना पाणी कमी पडलं नसेल ना?"

"छट्! भरतीचं पाणी रोज येतं. गुडघाभर! पाणी असून मेली म्हणजे रोगच!"

"मग येईलच आता," हरेश ओरडला. "भरतीच हाय!"

साहेबांनी खाडीकडे पाहिलं. पलीकडे पाणी हिरव्या तिवरांच्या बुंध्यांना लागलं होतं. अलीकडे भेगाळलेला चिखल तसाच कोरडा! लोक कुजबुजू लागले. शेठ रुमालाने मान पुसत म्हणाला, "आज... आज जरा उशीर..."

"उशीर नाय, पोती हायत!" मृणाली कडाडली. "चला साहेब, दाखवते!"

पोती पाहून साहेब संतापले. "शेठ, जागा तर मिळणार नाहीच. आता याचा जबाब द्यायला लागेल!"

गावातली म्हातारी काशीबाई पोत्यांजवळ उभी होती. आत्या तिच्याकडे, मग साऱ्या गावाकडे वळली. तिचा आवाज कधी नव्हे इतका चढला होता.

"मागे मोठ्या उधाणात शेजारच्या गावाचा खाडीकाठचा बांध फुटला, तुमचा टिकला. का? याच मुळांनी लाट मोडली म्हणून! हे मी लिहिलं, शिकवलं, तुम्हाला ओरडून सांगितलं. जगानं ऐकलं. तुम्ही हसलात!"

काशीबाईने पदर खोचला आणि एक पोतं ओढलं. पाठोपाठ माणसं फावडी घेऊन तुटून पडली. पाणी खळाळत आत घुसलं!

"शाब्बास पोरांनो!" साहेब म्हणाले. "तुमच्यामुळे हे कळलं. आणि बाई, आम्ही तुमच्याकडे आधीच यायला हवं होतं."

"व्हय, यायलाच हवं होतं!" मृणाली फटकन बोलली. "ही वाळलेली आता परत हिरवी व्हायची नायत!"

सगळे चपापले. साहेबांनी मान खाली घातली. "खरं आहे, बाळ."

काशीबाईने चिखलाने भरलेल्या हातांनी मृणालीचे दोन्ही गाल धरले.

"लय तिखट हाय गो पोर," ती आत्याला म्हणाली. "शांते, हिलाबी शिकीव. आणि आमाला पण. नवी रोपं कुठं लावायची, दाव."