रवाना झालेला निरोप

निरोप रवाना झाला होता. पडद्यावर हिरव्या अक्षरांत तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. आणि तरीही बाबांची गाडी खचलेल्या उताराकडेच चालली होती.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ एका विवराच्या (उल्का आदळून पडलेल्या प्रचंड खड्ड्याच्या) काठावर शिखरवस्ती होती. विवराच्या तळाशी ऊन कधीच पोचत नसे. तिथला बर्फ खणून आणायचा, त्याचं पाणी करायचं आणि मग त्या पाण्याच्या वाटपावरून भांडायचं, असं वस्तीचं जीवन सुरळीत चाललेलं होतं. शर्वाणीचे बाबा बर्फाची गाडी चालवत. आज ते एकटेच खाली होते. जेवणानंतर जमीन हादरली आणि परतीच्या वाटेवरचा उतार कोसळला. दुसरी, लांबची वाट शाबूत होती. पण दोन वाटा जिथे फुटतात त्या फाट्याआधी बाबांना हे कळायला हवं होतं. पुढे वाट इतकी अरुंद होती, की गाडी वळवायला जागाच नव्हती.

नियंत्रण कक्षाच्या काचेतून गाडीचा दिवा दिसत होता. एवढ्या काळोखात एवढासा ठिपका.

"दळवीकाका, बाबा थांबत का नाहीत?"

कक्षप्रमुख दळवी यांनी पडद्याकडे बोट केलं. "इशारा रवाना झालाय. आपल्याकडून काम पूर्ण आहे."

"पण त्यांना मिळालाय का?"

"रवाना झाला म्हणजे मिळालाच की गं."

शर्वाणीने स्वतःही निरोप पाठवला होता. मग पुन्हा पाठवला. मग पाठवतच राहिली. प्रत्येक वेळी 'रवाना' आलं. ठिपका पुढे सरकत राहिला.

तेवढ्यात आजोबा आले. बाबांचे वडील. आयुष्यभर त्यांनी संगणकाचे ड्रायव्हर (यंत्राशी त्याच्याच भाषेत बोलणारे प्रोग्रॅम) लिहिले होते. सभेत खरं बोलायची सवय असल्यामुळे वस्तीने त्यांना फक्त दुरुस्तीचं काम दिलं होतं. त्यांनी आधी काचेबाहेर पाहिलं, मग पडद्याकडे.

"हे 'रवाना' कोण म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"संगणक," शर्वाणी म्हणाली.

"संगणक म्हणजे एकटा माणूस नव्हे. त्याच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, निरोप थराथराने खाली जातो. वरचा थर निरोपाच्या फ्रेम करतो (फ्रेम म्हणजे पत्ता घातलेलं माहितीचं छोटं पुडकं). मधला थर त्यांना कुलूप घालतो, म्हणजे परक्याला वाचता येऊ नयेत अशा करतो, आणि कोण आधी जाणार ते ठरवतो. सगळ्यात खालचा ड्रायव्हर त्या फ्रेम रेडिओच्या हातात देतो. रेडिओजवळ मोजकेच कप्पे असतात. ते भरले की ड्रायव्हर वर सांगतो, 'थांबा.' कप्पा रिकामा झाला की म्हणतो, 'द्या.'"

"आणि तोवर फ्रेम कुठे असतात?"

"मधल्या थरात. रांगेत."

आजोबांनी कळफलकावर काहीतरी टाइप केलं. रांग पडद्यावर आली आणि खाली सरकतच राहिली. आज वस्तीचा वर्धापनदिन होता. फुलं, पणत्या, शुभेच्छा, अध्यक्षांचं अख्खं भाषण चित्रफितीसकट, सगळं प्रत्येक गाडीला पाठवलेलं होतं.

"रांग इतकी मोठी कशी?" शर्वाणीने विचारलं.

"आधी छोटी होती. भरली की संगणक म्हणायचा, 'आत्ता घेत नाही.' लोकांना अपमान वाटला. मग समितीने रांग वाढवली. पुन्हा वाढवली. आता ती कोणालाच नाही म्हणत नाही. आणि वरच्या थराने निरोप हातात घेतला की लगेच 'रवाना' दाखवायचं, असाही ठराव झाला."

"नागरिकांचं समाधान झालं त्याने," दळवी म्हणाले. "तक्रारी थांबल्या."

"हो. तक्रारीही आता रांगेतच असतील."

"पण तातडीच्या निरोपांसाठी वेगळी रांग आहे ना?" शर्वाणीला शाळेत शिकवलेलं आठवलं.

"ही तीच आहे."

शर्वाणीने पुन्हा पाहिलं. प्रत्येक फ्रेमवर 'अतितातडीचे' लिहिलेलं होतं. पणत्यांवरसुद्धा.

"साधं पाठवलं तर कोणी वाचत नाही," दळवी हळू आवाजात म्हणाले. "सगळेच तसं लिहितात. मीही."

रांगेच्या तळाशी तिचे स्वतःचे निरोप होते, एकाखाली एक. "म्हणजे मी जितक्या वेळा पाठवला..."

"तितकी रांग लांबली. घाबरल्यावर सगळे तेच करतात."

दिवा एका कड्यामागे गेला. फाटा त्या कड्यापलीकडेच होता. आता काहीच दिसत नव्हतं.

"आजोबा, आपला निरोप पुढे ओढता येईल?"

"कप्प्यांत गेलेल्या फ्रेम आता रेडिओच्या आहेत, त्यांना हात लावायचा नाही. मधली रांग मात्र ओतून देता येते. सगळी. निवडत बसायला वेळ नाही."

"सगळी?" दळवी उठून उभे राहिले. "त्यात अध्यक्षांचं भाषण आहे."

"काल जेवणाच्या हॉलमध्ये ऐकलंत ना?"

"ऐकलं असं नाही. हजर होतो."

मग त्यांनी आपली किल्ली पटलात घातली. "ठरावाशिवाय करतोय हे," ते म्हणाले. "लक्षात ठेवा."

रांग कोरी झाली. कोणाच्या तरी आईला पाठवलेल्या शुभेच्छा त्यात गेल्या, कोणाची माफीही गेली असेल. शर्वाणीने एकच निरोप लिहिला: 'उतार कोसळलाय. फाट्यावरून लांबच्या वाटेने वळा.' आणि एकदाच पाठवला.

कप्प्यांत अडकलेला भाषणाचा शेवटचा तुकडा आधी गेला. मग शर्वाणीच्या निरोपाची फ्रेम खाली उतरली. थोड्या वेळाने खालच्या ड्रायव्हरकडून 'झालं' असं उत्तर थराथराने वर आलं.

"पोचला," शर्वाणी म्हणाली.

"नाही. 'झालं' म्हणजे रेडिओच्या हातून सुटला, इतकंच. पोचल्याचं फक्त तुझा बाबाच सांगू शकतो." आजोबा खुर्चीत बसले. त्यांची नजर काचेबाहेरच्या काळोखावरून हलत नव्हती. शर्वाणीच्या तेव्हा लक्षात आलं, की खाली त्यांचा मुलगा आहे.

रेडिओची वाहिनी एकच होती. वस्तीचा रेडिओ-मनोरा बोलत असला की गाडीला गप्प बसावं लागे. सकाळपासून मनोरा गप्पच बसला नव्हता. आता तो थांबला आणि गाडीची रांग मोकळी होऊ लागली.

'शर्वे, जेवलीस का?'

ती पडद्यावर झुकली. "हे कधीचं?"

"सकाळचं. तिकडेही रांग आहे. आधी आलेलं आधी सुटणार."

'बर्फ चांगला लागलाय.'

'नुसतं भाषणच येतंय. तिकडून उत्तर काहीच कसं नाही?'

'जमीन हादरली का आत्ता? कोणीतरी बोला.'

दळवींनी मान खाली घातली. मग बराच वेळ काही आलं नाही.

'वळलो. लांबून येतोय. उशीर होईल.'

आजोबांनी चष्मा काढला आणि विनाकारण पुसला. "समितीपुढे मांडतो आता," ते म्हणाले. "रांग छोटी करा आणि 'नाही' म्हणायला शिका. मंजूर होईल कधीतरी. तुम्ही मुलं मोठी झाल्यावर तरी होईल."

"मी सही करतो," दळवी म्हणाले.

शर्वाणीने टाइप केलं: 'बाबा, लवकर या. मी जागी आहे.' तिचं बोट कळीवर थांबलं. लांबच्या वाटेत कुठे अडलं, तर बाबांना बोलायला जागा हवी होती.

तिने ओळ पुसली आणि वाहिनी रिकामी ठेवली.