जीप भरेपर्यंत

जव्हारच्या स्टँडबाहेर मोखाड्याची जीप उभी होती, आणि दहा माणसं भरल्याशिवाय ती हलणार नाही हे जयवंतीला पाठ होतं. खिडकीची जागा पटकावून ती वही उघडणार, एवढ्यात शेजारचा मुलगा डोळे मिटून पुटपुटू लागला. जप वाटला असता, पण मंत्र जावा या संगणकभाषेचे होते. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून घडलेली वस्तू, आणि नाव पालक क्लासचं असेल तर मेथडही पालकाचीच चालते...

“चुकलं,” जयवंती म्हणाली.

मुलाने एक डोळा उघडला. “दोन वर्षं हेच लिहितोय.”

“आणि दोन वर्षं नापास होताय.”

तो रागावला नाही, हसला. तिथेच घोळ झाला, कारण हसू चांगलं होतं. हा जामसरचा कमलेश, तिच्याच कॉलेजातला, तिच्या दोन वर्षं पुढचा. जावाचा पेपर जयवंतीचा पहिला, त्याचा तिसरा. यंदा राहिला तर काका बोईसरच्या कंपनीत चिकटवणार होते, शिक्षण बंद. त्या दिवशी तो मोखाड्याला मावशीकडे निघाला होता, आणि घाट संपेपर्यंत जयवंतीने त्याच्या निम्म्या चुका काढल्या. उतरताना त्याने विचारलं, रोज जीप भरेपर्यंत शिकवशील का? त्याची जामसरची एसटी म्हणे त्यानंतरच सुटायची. पेपरला अठरा दिवस होते आणि लोकांना सुधारायची जयवंतीला हौसच होती. ती हो म्हणाली.

मग रोज तो जीपमध्ये येऊन बसायचा आणि दहावा माणूस आला की उतरायचा. पुस्तकातली उदाहरणं त्याच्या डोक्यात टिकत नव्हती, म्हणून तिने समोरचीच घेतली. जीप हा क्लास. ड्रायव्हर तुकादादाची ही हिरव्या पट्ट्याची, हे ऑब्जेक्ट. टाकीत डिझेल किती ते प्रायव्हेट, कारण काटा बिघडलेला; तुकादादाला विचारायचं आणि तो सांगेल ते मानायचं. तिसऱ्या दिवशी तिच्या ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. जीप वळेपर्यंत तो खिडकीचा गज धरून चालत यायचा. जयवंतीला ते आवडायचं... आणि आवडतं हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. मागच्या बाकावर भाजीची टोपली घेऊन बसणारी सुकीमावशी हे सगळं रोज बघत होती.

पेपरच्या आदल्या दिवशीही कमलेशची जुनी चूक तशीच. जयवंतीने वही मिटली.

“हे बघ. वाहन हा पालक. ‘सुट’ ही त्याची मेथड, म्हणजे त्याने करायचं काम. एसटी ती आपल्या तऱ्हेने लिहिते, जीप आपल्या तऱ्हेने. कागदावर नाव लिहिलंय वाहन, पण आत उभी आहे जीप. तिला सुट म्हटलं तर?”

कमलेशने रिकाम्या जागांकडे पाहिलं. “भरेपर्यंत थांबेल.”

“आणि आत एसटी असेल तर?”

“साडेचारला जाईल. कोणी येवो न येवो.”

बोलला आणि त्याने जीभ चावली. जयवंतीने मोबाइल पाहिला. पाच वाजायला पाच मिनिटं होती.

“तुझी जामसरची एसटी... साडेचारची?”

“रोज जाते ती, याला टाकून,” मागून सुकीमावशी म्हणाली. “मी बघते ना.”

मग सगळं बाहेर आलं. तो रोज नाक्यापर्यंत चालायचा, मिळेल त्या टेम्पोने जायचा. दोनदा तर निम्मी वाट पायी गेला होता. खरं सांगितलं असतं तर तिने शिकवलं नसतं, असं तो म्हणाला. नसतंच शिकवलं, ती म्हणाली. तिला राग आला होता आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला होता. दहावा माणूस आला, तो उतरला, त्याने सवयीने गज धरला. जयवंतीने आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि जीप वळेपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात तोच प्रश्न होता. तो जीपपाशी आल्या आल्या तिने विचारलं, कोणाची मेथड चालली?

“पालकाची नाही, मुलाची. नाव काही असो, आत कोण आहे त्यावर ठरतं.” या वेळी तो अडखळला नाही.

“बरोबर. मग आता शिकायचं काही उरलं नाही. साडेचारला दहा मिनिटं आहेत, एसटी पकड.” ती मुद्दामच म्हणाली, त्याच्याकडे बघत.

तो आत येऊन शेजारी बसला. “जयवंती, मला तू आवडतेस. पास झालो तरी... आणि बोईसरला जावं लागलं तरी.”

“मलाही तू आवडतोस. तिसऱ्या दिवसापासून. ‘तू’ म्हणायला लागले तेव्हाच तुला कळायला हवं होतं,” ती म्हणाली. “पण तेवढा हुशार असतास तर दोनदा कशाला राहिला असतास?”

तेवढ्यात दहावा माणूस आला. कमलेश सवयीने उठला, तर जयवंतीने बाही धरून त्याला खाली बसवलं. तिचे बाबा मोखाड्याच्या पंचायत समितीत कारकून होते, साडेपाचला सुटायचे. कमलेशने त्यांना आजच भेटायचं आणि रात्री आपल्या मावशीकडे राहायचं, असं तिने ठरवूनही टाकलं.

“आजच?” त्याचा आवाज जरा बारीक झाला.

“आजच. इतके दिवस उतरलास तेवढं पुरे.”

सुकीमावशीने टोपली मांडीवर घेतली. “सरका गं जरा. होईल जागा.”

तुकादादाने वळून माणसं मोजली. अकरा भरली. त्याने चावी फिरवली. समोरून जामसरची एसटी वेळेवर सुटली, आणि कमलेशने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.