पंगतीची गत

"बुंदी फिरवा! ह्या बाजूला बुंदी आलीच न्हाई!"

माणसाच्या आठवणीतले आवाज वाचणाऱ्या मुद्रावाचक यंत्राच्या ध्वनिक्षेपकातून हा आवाज खणखणीत बाहेर पडला आणि डॉ. मेहजबीन शिकलगार यांनी कपाळाला हात लावला. हा एकशे चाळिसावा रसिक. याच्याही डोक्यातून बँडऐवजी बुंदीच निघाली होती.

समोरच्या खुर्चीत आण्णासाहेब बिरनाळे डोक्यावर तारांची शिरोजाळी घालून मोठ्या उमेदीने बसले होते. वय पंचाहत्तर, मुक्काम जयसिंगपूर, अध्यक्ष, 'गुलछडी ब्रास बँड रसिक मंडळ'. छातीवर मंडळाचा बिल्लाही होता. "लागली का गत?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

मिरजेच्या श्रवणस्मृती संस्थेत २०४४ सालच्या मार्च महिन्यात हे चाललं होतं. गुलछडी बँडचं नाव ज्यांनी ऐकलेलं नाही अशांसाठी थोडं सांगायला हवं. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या मधल्या मुलखात एके काळी गुलछडी ठरल्याशिवाय लग्नाची तारीख ठरत नसे. लाल कोट, पांढऱ्या पाटलोणी, पुढे क्लॅरिनेट घेतलेले दस्तगीर मास्तर आणि मागे बावीस वादक. वरातीत ते लोक मागतील ती सिनेमाची गाणी वाजवत. पण मंडपात पंगत बसली, की मास्तर दाराशी उभे राहून स्वतः बांधलेली एक गत वाजवायला घेत. शेवटची पुरुषांची पंगत उठेपर्यंत ती चाले. 'पंगतीची गत' हे तिचं नाव साऱ्या मुलखाला ठाऊक होतं.

आज ती कुठेही नव्हती. लग्नाच्या चित्रफिती होत्या, पण त्या काळचे फिती करणारे हुशार. मूळ आवाज पुसून त्यावर सिनेमातली गाणी चिकटवायचे. मास्तरांना स्वरलेखन येत नव्हतं. बावीस वादकांपैकी एकही हयात नव्हता. आणि खुद्द मास्तरांना दोन वर्षांपूर्वी झटका येऊन गेला होता. त्यातून शरीर सावरलं, बोलणं परत आलं, फक्त सूर गेले. आवाज ऐकू यायचा, पण गाणं कळायचं नाही. डॉक्टर त्याला स्वरविस्मृती म्हणत. मास्तर म्हणत, "कोणी काही वाजवलं की भांडी पडल्यासारखं वाटतं."

दस्तगीर मास्तर म्हणजे मेहजबीनचे अब्बा. शहाऐंशी वर्षांचा तो माणूस अलीकडे म्हणायला लागला होता, की आपण अशी काही गत बांधलीच नसेल, लोक उगाच म्हातारपणी मान देतात. हे ऐकलं की मेहजबीन उठून चहा ठेवायला जायची. कारण खात्रीने 'बांधली होतीत अब्बा' म्हणायला तिच्यापाशी तरी काय होतं? ती बँडबरोबर कधी गेलीच नव्हती. कॉलेजात वडील काय करतात असं कोणी विचारलं, की 'धंदा आहे' एवढंच सांगून ती विषय बदलायची. त्या दोन शब्दांची लाज तिला आता, पन्नाशी उलटल्यावर, रोज वाटत होती.

"सांगा की मॅडम, लागली का?" बिरनाळ्यांनी डोळे उघडले.

उत्तर संस्थेचे प्रमुख डॉ. त्र्यंबक गोगटे यांनी दिलं. वाईट बातमी शास्त्रीय पद्धतीने सांगायची त्यांना हौस होती. "आण्णासाहेब, कान सगळं आत घेतो. मेंदू मात्र सगळं ठेवत नाही. ज्या आवाजाची आपण वाट पाहत असतो, तेवढ्याचाच ठसा टिकतो. त्याला आम्ही श्रुतिमुद्रा म्हणतो. घरी कुकर लावलाय, तुम्ही पेपर वाचताय. रस्त्यावरून दहा गाड्या जातात, एकही आठवत नाही. पण तिसरी शिट्टी झाली की बरोबर उठता. का?"

"मी कुठं उठतोय? ही उठती की." बिरनाळ्यांनी दाराकडे मान वळवली. दारापाशी बाकावर त्यांच्या पत्नी शालनकाकी मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या.

"बरं, त्या उठतात," गोगटे म्हणाले. "कारण त्या वाट पाहत असतात. आता एका माणसाची मुद्रा पुसट असते. म्हणून आम्ही शंभर-दीडशे माणसांच्या मुद्रा एकावर एक ठेवतो. ज्याचं त्याचं खासगी असतं ते गळून पडतं आणि सगळ्यांनी ऐकलेलं तेवढं वर येतं. तुमच्या मंडळाच्या मुद्रांमधून वरातीची गाणी स्वच्छ निघाली. नाचायला ठेक्याची वाट पाहावी लागते ना! पण पंगतीत तुमचं लक्ष पंगतीत होतं."

"अहो, मी तीनशे बारा लग्नं केलीत गुलछडीपायी! बिनबोलावता गेलोय! त्या गतीवर मी तास-तास बोलू शकतो!"

"तेच झालंय," मेहजबीन हळूच म्हणाली. तिने एक कळ दाबली. आवाज तरुण होता, पण बिरनाळ्यांचाच होता. 'काय वाजवतोय गडी! असा क्लॅरिनेट अख्ख्या जिल्ह्यात न्हाई! अरे, जरा मठ्ठा वाढ हिकडं!' त्याच्या मागे, फार लांब, काहीतरी पुटपुटल्यासारखं वाजत होतं.

बिरनाळ्यांचा हात छातीवरच्या बिल्ल्याकडे गेला. गुलछडीच्या लाल कोटाला किती पितळी बटणं होती, यावर त्यांच्या मंडळात दोन तट होते आणि गेली वीस वर्षं ते एकमेकांशी भांडत होते. बटणं सगळ्यांना पाठ होती. गत कोणालाच नव्हती. त्यांनी बिल्ला काढून खिशात घातला तेव्हा मेहजबीनला त्यांची दया आली, आणि लगेच स्वतःचीही.

"थांबवूया आता," गोगटे म्हणाले. "एकशे चाळीस रसिक झाले. ज्याची कोणी वाट पाहिली नाही, ते कुठून येणार?"

मेहजबीनने रसिकांची यादी पुढे ओढली. तिला गोगट्यांचं वाक्य पटलं होतं, आणि तेच तिला टोचत होतं. ज्याची वाट पाहिली नाही ते टिकत नाही. बरोबर. पण मग आपण रसिकांना का बोलावलं? जाहिरातीत 'रसिक हवेत' असं आपणच लिहिलं. वाट पाहायला रसिक असावं लागतं, असं कोणी सांगितलं?

"आण्णासाहेब," तिने विचारलं, "पंगत चालू असताना मंडपात वाट पाहत कोण असायचं?"

"कशाची वाट? पान समोर असतंय की."

"आम्ही बघत होतो की," दारातून शालनकाकी म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. काकी संकोचल्या, पण बोलल्या. "बायकांची पंगत शेवटची, न्हाई का. वऱ्हाडाची उठायची, मग गावकऱ्यांची, मग घरच्या बाप्यांची. आम्ही भटारखान्याच्या कनातीमागं उकिडव्या बसून. लहान लेकरं असायची कडेवर. उन्हं कलायची. बाप्यांची शेवटची पंगत हलली की मास्तर ते वळण घ्यायचं. ताशे थांबायचं, पिपाणी एकटीच वर जायची. वळण आलं की आम्ही उठायचो, पानं मांडायला. त्याच्याकडंच कान असायचा सगळा. पर आता गा म्हणाल तर येत न्हाई बघा. कसं हुतं कुणास ठाऊक."

"तू कधी बोलली न्हाईस," बिरनाळे म्हणाले.

"तुमी कधी इचारलंसा?"

मेहजबीनने शिरोजाळी बिरनाळ्यांच्या डोक्यावरून उतरवली. मग बाकापाशी जाऊन तिने ती काकींपुढे धरली.

पुढचे तीन आठवडे संस्थेच्या दारात रसिकांच्या बायकांची रांग लागली. साठीच्या, सत्तरीच्या, एक तर ब्याण्णव वर्षांची. 'मला गाण्यातलं काही कळत नाही' असं प्रत्येकीने आधी बजावून सांगितलं. एकूण एक्केचाळीस जणी झाल्या. लग्नं वेगळी, गावं वेगळी, कुठे पंगत लवकर आटोपलेली, कुठे लांबलेली. पण प्रत्येकीच्या मुद्रेत ते वळण ठसठशीत होतं. मेहजबीनने सगळ्या मुद्रा वळणाच्या टोकाशी जुळवल्या आणि तिथून मागे मागे जात एकावर एक ठेवल्या. भांड्यांचा आवाज गळला. लेकरांचं रडणं गळलं. शुक्रवारी दुपारी आठ मिनिटांची अख्खी गत ध्वनिक्षेपकातून बाहेर आली.

गोगट्यांनी ती पुन्हा एकदा लावली. मग म्हणाले, "हे जेवताना वाजत होतं?"

मेहजबीन धावत घरी गेली. अब्बांच्या हातावर हात ठेवून तिने गत लावली. आपली स्वतःची तरी त्यांना कळेल, अशी आशा तिने दोन वर्षं धरली होती. अब्बांनी शेवटपर्यंत नीट ऐकलं, मग तिच्याकडे पाहून ओशाळं हसले. "भांडीच पडतायत, बेटी. तू एवढे कष्ट घेतलेस. चांगलंच असेल."

ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. गत सापडली होती आणि ती ज्याची होती त्याच्यापर्यंत पोचत नव्हती.

तरीही त्या बायकांना त्यांची गत ऐकवायला हवी होती. रविवारी सकाळी अकराला संस्थेच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं. पुढे एक्केचाळीस जणी, मागे त्यांचे यजमान. 'मास्तरांना बसवू, बायका ओळखतील,' असा गोगट्यांचा आग्रह, म्हणून अब्बांची चाकांची खुर्ची मंचावर, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवली.

गत सुरू झाली. अब्बा मान खाली घालून बोटांची नखं पाहत होते. मेहजबीन त्यांच्या शेजारी उभी राहून त्यांना घेऊन कधी निघता येईल याचा विचार करत होती. पहिली पाच मिनिटं झाली, सात झाली. आठव्या मिनिटाला ताशे थांबले आणि क्लॅरिनेट एकटाच वर गेला.

पहिल्या रांगेत शालनकाकी उभ्या राहिल्या.

मग त्यांच्या शेजारची. मग तिच्या पलीकडची. बघता बघता एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जणी पदर खोचत उभ्या होत्या, आणि ब्याण्णव वर्षांची आजी काठी शोधत होती. कोणी सांगितलं नव्हतं. आपण का उठलो हे त्यांनाही कळेना. त्या एकमेकींकडे पाहून हसायला लागल्या. मागे पुरुष बसूनच होते, काय झालं म्हणून इकडेतिकडे पाहत.

अब्बांनी मान वर केली.

मंडपाच्या दारातून, कनातीवरून, तीस वर्षं त्यांनी हे पाहिलं होतं. बायका उठल्या की सोळा मात्रांत गत बंद करायची. त्यांचे सूर गेले होते, पण हात शाबूत होता. उजवा हात सावकाश वर गेला, हवेत ठोके मोजत राहिला आणि मूठ मिटली. त्याच क्षणी ध्वनिक्षेपक थांबला.



"ही माझीच," अब्बा म्हणाले. "बेटी, ही माझी गत आहे."

मेहजबीन त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली.  "तुम्हीच बांधली होतीत, अब्बा," ती म्हणाली.

अब्बा समोर उभ्या असलेल्या बायकांकडे पाहत राहिले. "तुम्ही ऐकत होतात?" त्यांनी विचारलं. "मला वाटायचं, भुकेल्या आहेत, म्हणून माझ्याकडे बघतात. म्हणून लवकर आवरायचो. ऐकता आहात हे कळलं असतं, तर आणखी दोन फेऱ्या घेतल्या असत्या."

"नको वो मास्तर!" शालनकाकी खालून ओरडल्या, आणि डोळे पुसत पुसत हसल्या. "पोटात कावळं वरडत असायचं!"