‘तपासले’चं रिकामं घर

कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे. जिच्यावर हे बेतलं ती माझी सख्खी आत्या. सगुणाआत्या चहात साखर किती घातली हेसुद्धा कधी खोटं सांगत नाही.

साल १९८७. कार्तिक महिना, दिवेलागणीची वेळ. जागा रत्नागिरीत, मांडवीच्या रस्त्यावरची एका वीज-ठेकेदाराची माडी.

तिथे कारखान्यांच्या वायरिंगचे नकाशे काढत. सगळं हाताने, ट्रेसिंग कागदावर, काळ्या शाईने. आत्या शीट रेखाटायची आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे दादूकाका, ती तपासायचे. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात एक चौकट. तिच्यात कामाचं नाव, शीटचा नंबर, नकाशा बदलला की बदलायचं ते सुधारणेचं अक्षर, आणि तळाला दोन घरं. ‘रेखाटले’मध्ये स.भा., सगुणा भाटकर. ‘तपासले’मध्ये दा.भा., दादू भाटकर.

एकाखाली एक.

"नकाशे काढताय की लग्नपत्रिका?" असं सगळं ऑफिस चिडवायचं.

आत्याने नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. त्याने नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिची सासू म्हणायची. आणि चारचौघांत बायकोला हाक मारायची काकांना लाज. म्हणून चूक सापडली की ते लाल पेन्सिलचं बूड टेबलावर दोनदा आपटत.

टक... टक.

की आत्या उठून जायची. घरीसुद्धा आमटी अळणी झाली की ताटाच्या कडेवर बोटाने टक टक. त्यांचा संसार असा दोन टिचक्यांवर चालला होता, आणि छान चालला होता.

त्या भाद्रपदात काका गेले.

जयगडच्या वाटेवर एका बर्फाच्या कारखान्याचं काम होतं. नकाशात मेन स्विचची जागा बदलली होती, पण जुन्या आणि नव्या शीटच्या चौकटीत अक्षर एकच राहिलं. कामावर कुणीतरी जुनी शीट उघडली. त्यातला मेन स्विच बंद केला. काका तपासायला गेले, वीज बंद आहे समजून त्यांनी तारेला हात लावला...

पुढचं लिहवत नाही.

आत्या पुन्हा कामावर आली तेव्हा मालक आप्पा तिच्याकडे न बघताच बोलले.

"सगुणा, सगळ्या शीटांच्या चौकटी नव्या करायच्या. अक्षर ‘ख’, तारीख नवी. आणि तपासलेच्या घरात... आता माझं ‘आ’ घाल. दुसऱ्या कुणाला दिलं असतं गो, पण तुझ्यासारखा हात नाय कुणाचा."

"करते," आत्या म्हणाली.

जुनी शाई ब्लेडने खरवडायची. अलगद, कागद फाटता कामा नये. आत्या एकेक दा.भा. खरवडत गेली. कपाळावरचं कुंकू पुसलं तेव्हा ती रडली नव्हती. इथे रडली. शीटवर पाणी पडू नये म्हणून मान वळवून रडली.

काम संपलं त्या संध्याकाळी आप्पा चिपळूणला गेले होते. वायरमन बाबल्या मागच्या खोलीत प्रिंटचं मशीन लावत होता. सकाळी नव्या शीटा घेऊन तोच कारखान्यावर जाणार होता.

आत्याने शेवटची शीट गठ्ठ्यावर ठेवली.

आणि खालच्या रस्त्याचा आवाज बंद झाला. मशीनची घरघर थांबली. समुद्राची गाजसुद्धा...

टक... टक.

तिने काकांच्या टेबलाकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. लाल पेन्सिल जिथल्या तिथे.

पाल असेल, असं म्हणत तिने गठ्ठा पुन्हा चाळायला घेतला. वरची शीट पाहिली...

तपासलेच्या घरात ‘आ’ नव्हता.

दा.भा.

तिने बोट लावलं. शाई ओली होती.

दुसरी शीट. दा.भा. तिसरी... तेच. सगळ्या शीटांवर तेच. फक्त एक सोडून. त्या एका शीटवर तपासलेचं घर कोरं होतं.

टक... टक.

आत्या घाबरली नाही. तिला आनंद झाला. हे सांगताना ती अजून ओशाळते.

घर कोरं म्हणजे शीटमध्ये चूक. चूक असलेल्या शीटवर काकांनी जन्मात सही केली नव्हती. तिने डोळे पुसून नीट पाहिलं.

ती जुनी शीट होती. जुन्या जागेवर मेन स्विच. रडण्याच्या नादात तिने जुन्याच शीटला नवी चौकट करून ठेवली होती.

खरी शीट खणात पडली होती. तिच्या चौकटीत चार ओळी घालायच्या, की झालं.

पण ते झालं की काका सही करणार. आणि मग टक टक कशाला करणार?

आत्या हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

टक... टक.

"आणखी एकदा," ती पुटपुटली. "आणखी एकदाच वाजवा."

टक... टक.

दाराशी बाबल्या आला. "वयनी, झालं काय ओ? सकाळची पयली यष्टी धरायची हाय. कमळीला दिवस भरत आले, ती म्हनते जा नि लगेच ये."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या बायकोच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"वायच थांब बाहेर," ती म्हणाली.

तिने खण उघडला. खरी शीट काढली, चौकट भरली. तपासलेचं घर सोडून दिलं आणि हात मागे घेतला.

कोऱ्या घरात शाई उमटली. आधी द. मग काना. मग टिंब. अगदी सावकाश, जणू लिहिणाऱ्यालाच संपवायचं नव्हतं.

दा.भा.

"दादू!"

आयुष्यात पहिल्यांदा तिने नवऱ्याचं नाव घेतलं. आता कमी व्हायला आयुष्य तरी कुठे उरलं होतं!

"दादू, जाऊ नका!"

लाल पेन्सिल टेबलावरून घरंगळली, खाली पडली, टोक मोडलं. खालच्या रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. मशीन घरघरू लागलं.

"वयनी, कुनाला हाक मारलीत?" बाबल्या बाहेरून विचारत होता.

बाबल्या सकाळी गेला आणि तिन्हीसांजेला धडधाकट परत आला. आप्पांनी शीटांवरच्या सह्या पाहिल्या, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिल्या. खरवडायला मात्र सांगितलं नाही.

ती चुकीची शीट आत्याने घरी आणली. तपासलेचं घर अजून कोरं आहे. रोज दिवेलागणीला ती शीट टेबलावर पसरते, वर लाल पेन्सिल ठेवते आणि शेजारी बसते. चूक तिने मुद्दाम तशीच ठेवली आहे. चूक असेल तर ते येतील, म्हणते.

इतकी वर्षं झाली. ते आले नाहीत, असं ती सांगते.

आत्याचे कान तर केव्हाच पार गेलेत. कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही.

गेल्या कार्तिकात मी तिच्याकडे गेले होते. तिन्हीसांजा झाल्या. मी देवापाशी दिवा लावला. आत्या शीटसमोर बसली होती. बाहेरचे आवाज एकाएकी थांबले...

टक... टक.

आत्या हललीसुद्धा नाही. शीटकडेच बघत होती.

टक... टक.

मग तिने मान वर केली आणि बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने विचारलं,

"वाजलं काय गो?"

इतक्या वर्षांत कितीदा वाजलं असेल, आणि तिला ऐकूच आलं नसेल...

आत्या माझ्या ओठांकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.