बोटीच्या गालांना वाळू

नवी गस्तीची बोट तारावा बेटाच्या धक्क्याला लागून दोनच दिवस झाले होते. जुनी गंजून पार चाळण झाली होती. मासेचोर जहाजं तिला बघून पळायचीही तसदी घेत नसत. नवीवर रडार होतं, कॅमेरे होते, आणि तिची निकड कप्तान बाउरोइतकी कुणालाच नव्हती. त्याचा धाकटा भाऊ तिओती ट्यूना मासे पकडणाऱ्या परदेशी जहाजावर, मासेमारीवर नजर ठेवणारा सरकारी निरीक्षक म्हणून गेला होता, आणि बरेच दिवस त्याचा काही निरोप नव्हता. असे गेलेले निरीक्षक कधीकधी परत येत नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत मात्र कोणीच नव्हतं.

त्याच जहाजाच्या शोधात निघायला बाउरो दोर सोडत होता, तेवढ्यात आई धापा टाकत आली.

"अरे, हिच्या गालांना वाळू लावलीस का?"

"आई, बोट आहे ती! पाहुणी नव्हे."

"परमुलखातून आली ना? मग पाहुणीच. वाळू लागली नाही तर आपले पूर्वज ओळखायचे कसे तिला? का तू कप्तान झालास म्हणून त्यांनी रीत बदलायची?" तिने वाळूची मूठ त्याच्या खिशात कोंबली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिओतीचं जहाज रडारवर दिसलं, आणि त्याच क्षणी नवी कोरी इंजिनं बंद पडली.

वारा पडला. पाणी निपचित झालं. आसपास कुठे किनारा नसताना ओहोटीच्या चिखलाचा वास यायला लागला. मग बोटीच्या अंगावरून, बाहेरून, कुणीतरी हात फिरवू लागलं. सावकाश... आंधळ्याने अनोळखी चेहरा चाचपावा तसं.

"साहेब... ऐकलंत?" इंजिनवाला तेवेया पुटपुटला.

"हं."

"ही कोण, ते बघतायत..."

रडारवरचा ठिपका लांब चालला होता. बाउरोचा जीव कासावीस झाला. लाज गुंडाळून ठेवून तो दोराने बोटीच्या टोकाशी खाली उतरला आणि खिशातली वाळू पाण्यात भिजवून दोन्ही बाजूंना चोळली.

"आपलीच आहे ही," तो म्हणाला. "आपल्या पोराला आणायला निघालीय. जाऊ द्या..."

काहीतरी गार त्याच्या हाताला लागलं. मुठीत उरलेली वाळू कुणीतरी अलगद काढून घेतली. आणि वर इंजिनं धडधडली.

सूर्य मावळायच्या आत त्यांनी जहाज गाठलं. तिओती खालच्या अंधाऱ्या कोठडीत कोंडलेला सापडला. चोरीच्या माशांचे फोटो काढल्याची ती शिक्षा होती. वाळला होता, पण जिवंत होता, आणि तोंड शाबूत होतं.

"आलास एकदाचा परत! नवी बोट ना तुमची? का वल्हवत आणलीत?"

बाउरो हसता हसता रडला. केवढं मोठं ओझं उतरलं त्याच्या छातीवरून! त्याने भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि हाताला काहीतरी खरखरीत लागलं. तिओतीच्या दोन्ही गालांवर पांढरी वाळू होती, अजून ओली.

"ही कुणी लावली?"

"असं काय करतोस, दादा? दुपारी तूच तर लावून गेलास," तिओती म्हणाला. "हात किती गार पडले होते तुझे..."