खोटं बोलणारी खुर्ची

"रॉकेट उडवू या, असं तूच म्हणालास!" ताईने ढब्बूला कोपराने ढोसलं.

"आणि मागे लोंबकळलं कोण? मी?"

भांडण जोरात, पण तोंडं दोघांचीही उतरलेली.

त्यांची मावशी महिन्यापूर्वी अंतराळातून परतली होती. तिकडे वर-खाली काही नसतंच, म्हणून कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळते. सुरुवातीला मावशी दाराच्या चौकटींना धडकायची, पेला हवेतच सोडून द्यायची! मग हळूहळू ताळ्यावर येतं म्हणे. ते आलं का, हे पाहायला प्रयोगशाळेत एक कलती खुर्ची होती. अंधारात बसायचं, खुर्ची कलवत राहायचं आणि आपण सरळ झालो असं वाटलं की थांबायचं. किती चुकलं ते काटा सांगतो.

काल दोघं मावशीबरोबर तिथे गेले होते. मोठी माणसं चहाला गेली, ती खोली सताड उघडी टाकून! एवढी शिकलेली, पण कुलूप लावायचं सुचलं नाही. मग काय, दोघांनी खुर्चीचं रॉकेट करून दंगा घातला. कट्कन काहीतरी वाजलं, तसे पळाले.

आणि आज मावशी नापास!

"अजून डावीकडे कलताय," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या उड्डाणातून नाव काढावं लागेल."

मावशी घरी आली. काठोकाठ भरलेला कप घेऊन जिना चढली. थेंब सांडला नाही!

"पाहिलंस?" ताई कुजबुजली. "मावशी सरळच आहे. खुर्ची खोटं बोलतेय!"

"आपल्यामुळे," ढब्बू म्हणाला.

दोघं तडक प्रयोगशाळेत धावले. खोली आजही उघडीच! ताईने वेणीची रिबीन सोडली, ढब्बूने तिच्या टोकाला खिशातला लोखंडी नट बांधला. काटा शून्यावर होता. रिबीन सरळ लोंबली, खुर्चीची पाठ मात्र तिरकी!

"काय चाललंय?" दारातून डॉक्टर गरजले.

"काल आम्ही हिच्यावर खेळलो," ढब्बूला रडू फुटलं. "मावशीला काढू नका!"

"खेळलात? रोज सकाळी काटा तपासायचा नियम आहे इथे!"

"मग आज तपासला होता?" ताईने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि पाना उचलला.

खुर्ची नीट झाली, मावशीला बोलावलं. ती बसली, थांबली. काटा शून्यावर!

"हुशार आहेत हो पोरं," डॉक्टर ओशाळून म्हणाले.

ढब्बूने मान वर केली नाही. "हुशार असतो तर कालच सांगितलं असतं."

मावशीने त्याचा कान धरला, पण पिळला नाही. "दिवसभर मी स्वतःलाच वाकडी समजत होते रे," ती म्हणाली. "आता चल घरी. आणि पुढे तू चाल, मी सरळ मागून येते."