चाळीस सारखी चित्रं

हुशार मुलांच्या विशेष वर्गासाठी निवड चाचणी झाली, तिला एकेचाळीस मुलं बसली होती. दोन खोल्या, एका बाकावर एक मूल, मधला बाक रिकामा. गणिताच्या बाईंनी बाक स्वतः लावून घेतले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत कॉपी करायची वीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर त्या पेपर तपासायला बसल्या. आकडे, शब्द, कोडी भराभर उरकली. शेवटचा भाग चित्राचा. कागदावर एक अर्धवर्तुळ आणि दोन तिरक्या रेघा छापलेल्या. त्यातून मनाला येईल ते चित्र पूर्ण करायचं. गुण नावीन्याला. तिघांपेक्षा जास्त मुलांनी एकच चित्र काढलं, तर त्या सगळ्यांना शून्य. आणि एका भागात शून्य म्हणजे मूल बाद.

पहिल्या पेपरात अर्धवर्तुळाचं डोकं झालं होतं, रेघांचे हात. बाकावर बसलेली एक मुलगी. बारीक कापलेले केस, अंगात स्वेटर, त्याची डावी बाही पेन्सिलीने काळीभोर गिरवलेली.

दुसऱ्या पेपरात तीच. तिसऱ्यातही.

बाईंनी चष्मा पुसला. दहाव्या पेपरानंतर बैठकीचा तक्ता काढून पाहिला. मुलं दोन्ही खोल्यांतली होती. कुणाचा हात कच्चा, कुणाचा सफाईदार. पण मुलगी तीच, बाही तीच, आणि प्रत्येक चित्रात तिच्यापुढे बाकावर कागद नाही.

ती बाही त्यांना ठाऊक होती. लोकर पुरली नाही म्हणून आईने एक बाही भलत्याच रंगाची विणलेली. मुलं तिला ‘दीडस्वेटर’ म्हणायची. दोन वर्षांपूर्वी याच चाचणीत तिने पाण्याखालून दिसणारा पूल काढला होता. बाईंनी तिला पैकीच्या पैकी दिले होते. मग मोठ्या बाई म्हणाल्या, “हिला घेतलं तर काढायचं कुणाला, तेही तुम्हीच सांगा.” बाईंनी आकडा खोडून शून्य केलं.

तिचे वडील टोपी हातात धरून आले होते. “बाई, पोरीचं चुकलं काय, तेवढं सांगा.”

“चित्र नीट समजलं नाही,” बाई म्हणाल्या होत्या.

त्यानंतर ती शाळेत आली नाही. कुठे गेली, हे बाईंनी कुणाला विचारलंही नाही.

सोमवारी त्यांनी चाचणीला बसलेल्या एका चुणचुणीत मुलीला बाजूला घेतलं. “हे कुणाचं बघून काढलंस? खरं सांग, ओरडणार नाही.”

“कुणाचं नाही, बाई. ती शेजारीच बसली होती ना.”

“कोण?”

“मधल्या बाकावर.” मुलगी घुटमळली. “सगळ्यांना पेपर दिलात, तिलाच दिला नाहीत.”

बाई तडक मोठ्या बाईंकडे गेल्या. गठ्ठा टेबलावर ठेवला. तोंड उघडायच्या आधीच मोठ्या बाई पेपर चाळून हसल्या.

“चाळीस सारखी? मग नियम काय सांगतो? चाळीस शून्यं. आणि हा एकेचाळिसावा बघा, संस्थेच्या अध्यक्षांचा नातू. चाकं लावलेला मासा! याला म्हणतात कल्पनाशक्ती.”

“पण ही मुलगी...”

“कुठली मुलगी?”

मोठ्या बाई गठ्ठ्यातल्या वरच्या चित्राकडेच बघत होत्या. त्यांनी तो कागद पालथा घातला.

“कुठली मुलगी, बाई?”

गणिताच्या बाई परत आल्या. लाल पेन उघडलं. पहिलं शून्य जड गेलं. विसाव्यापर्यंत हात बसला.

त्या वर्षी विशेष वर्गात एकच मूल निवडलं गेलं.

पहिल्या दिवशी नातू वेळेवर आला. रिकाम्या खोलीत पहिल्या बाकाच्या मधोमध बसला. बाईंनी दार लोटलं.

“तुझं चित्र सगळ्यांत वेगळं होतं हं,” काहीतरी बोलायचं म्हणून त्या म्हणाल्या.

“शिकवणीच्या सरांनी सांगितलंय,” तो म्हणाला. “दिसेल ते काढायचं नाही. दिसेल ते सगळेच काढतात.”



त्याने पुस्तक उघडलं. मग मान वर न करता बाकाच्या कडेला सरकला आणि पुस्तक दोघांना दिसेल असं मधे ठेवलं.